शस्त्राची पारख : पन्हाळा ते आसई

पन्हाळ्याचा वेढा म्हटलं की सिद्दी जौहर, शिवा काशीद, बाजीप्रभू आणि ती भर पावसातली रात्र. कोल्हापूरकडच्या पोरांना हे शाळेत जायच्या आधीपासून पाठ असतं. पण याच वेढ्यात एक छोटंसं पात्र आहे, ज्याच्याकडे आपण 'लबाड टोपीकर' एवढंच म्हणून बघतो आणि पुढे जातो. राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन. १६६० साली हा गडी उखळी तोफ आणि कुलपी गोळे (म्हणजे आत दारू भरलेले, पडल्यावर फुटणारे) घेऊन घाट चढून पन्हाळ्याखाली आला, इंग्रजांचं निशाण लावलं आणि सिद्दीच्या वतीने गडावर गोळे डागले.

आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर हा चक्क ऑन-साइट डेमो होता. नुसता माल विकून गप्प न बसता गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन चालवून दाखवला! वेढा काही त्या गोळ्यांनी निकालात निघाला नाही. महाराज जुलैमध्ये निसटून विशाळगडाला पोचले. पुढच्याच वर्षी, १६६१ मध्ये, त्यांनी राजापूरवर झडप घालून वखार खणून काढली आणि रेव्हिंग्टनसकट इंग्रजांना कैदेत टाकलं. ते सुटले १६६३ साली. डेमो एवढा महागात पडलेला सेल्समन इतिहासात दुसरा नसेल.

पण मला या गोष्टीत वेगळाच प्रश्न पडतो. रेव्हिंग्टनच्या जागी आपण सिद्दी जौहर होऊन बघू. समोर परक्या माणसाने आणलेलं नवंकोरं हत्यार आहे. चकचकीत आहे, वजनदार आहे. ते चांगलं आहे की नाही हे कसं ओळखायचं?

मी शिकलो मेकॅनिकल आणि पोटापाण्यासाठी कोड लिहितो (आमच्या बॅचच्या निम्म्या जनतेची हीच कथा). त्यामुळे 'क्वालिटी' हा शब्द दोन्हीकडून कानावर पडतो. हत्यारांच्या बाबतीत हा शब्द फार जुना आहे, आणि तिथे चुकीची किंमत पैशात मोजत नाहीत. नळी फुटली तर हात जातो, डोळा जातो. आणि बऱ्याच वेळा पैसे देणारा एक असतो आणि चाप ओढणारा दुसराच.

आजचंच उदाहरण घेऊ. नवीन पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर बघणारा जाणकार तीन थरांत बघतो. पहिला थर वरचा. पोलादाचा काळसर-निळा रंग सगळीकडे सारखा आहे का, कानसेचे ओरखडे राहिलेत का, स्क्रूच्या खाचा कुणी आधीच खरवडल्यात का. दुसरा थर जोडणीचा. पिस्तुलाची स्लाइड फ्रेमवर लुळी हलते की घट्ट आणि सुरळीत सरकते? रिव्हॉल्व्हरचा घोडा मागे ओढला की चक्र फिरून घर बरोबर नळीसमोर येऊन थांबतं का, की तिथेही डुगडुगतं? चाप दर वेळी तेवढ्याच दाबाला सुटतो का? तिसरा थर पोटातला. पोलादात भेग आहे का, नळीच्या धातूत दोष आहे का. आणि गंमत अशी की जीव ज्याच्यावर अवलंबून असतो तो हा तिसरा थरच नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. झिलई तर उलट दोष झाकायलाही मदत करते.

हा तिसरा थर कसा तपासायचा, याची धडपड म्हणजेच बंदुकीच्या पारखीचा इतिहास.

आपल्याकडची यातली सगळ्यात छान नोंद अकबराच्या काळातली आहे. अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीत बंदुकांवर वेगळं प्रकरण आहे. तो सांगतो की पूर्वी लोखंडाचा पत्रा वळवून कडेला कड जोडून नळी करत. ती जोडावर फुटायची, त्यामुळे दारू बेताचीच भरावी लागे. मग पत्रा कागदाच्या सुरळीसारखा तिरपा गुंडाळून, पदरावर पदर चढवून नळी करू लागले. अशी नळी तोंडापर्यंत दारू भरून उडवली तरी फुटत नसे, असं तो लिहितो. नळ्या आतून साफ करायला बैलाने फिरवायचं एक चक्र होतं, त्यावर एका वेळी १६ नळ्या लागत. पण मला सगळ्यात आवडली ती पुढची गोष्ट. प्रत्येक बंदुकीवर काही नोंदी कोरलेल्या असत : लोखंड कुठलं, कारागिराचं नाव, बंदूक कुठे बनली, तारीख आणि क्रमांक. सोळाव्या शतकात सिरियल नंबर आणि ट्रेसेबिलिटी! बंदूक फुटली तर ती कुणाच्या भट्टीतून आली हे सांगता यायचं. आमच्याकडे आजही काही प्रोजेक्टमध्ये 'हा कोड कुणी लिहिला' या प्रश्नाला नुसती शांतता पसरते.

या व्यवस्थेत एक मेख मात्र होती. ती बादशहाच्या आवडीवर उभी होती. अकबराला बंदुकांचं वेड, तो स्वतः त्या उडवून बघायचा, म्हणून कारखाना जागा राहायचा. बादशहा बदलला, आवड बदलली की काय?

लंडनमध्ये याच प्रश्नाचं वेगळं उत्तर सापडलं. १६३७ साली तिथल्या बंदूक करणाऱ्यांच्या संघाला राजाची सनद मिळाली. त्यात नळ्या तपासायचा आणि त्यावर ठसा मारायचा अधिकार होता. पद्धत साधी आणि क्रूर. नेहमीपेक्षा खूप जास्त दारू भरायची, माणसांनी बाजूला व्हायचं आणि नळी उडवायची. फुटली तर तिथेच फुटू दे, सैनिकाच्या हातात नको. टिकली की पुन्हा डोळ्यांखालून घालायची आणि ठसा मारायचा. मुकुट आणि इंग्रजी 'जी पी' म्हणजे दारूची कसोटी झाली, मुकुट आणि 'व्ही' म्हणजे नजरेखालून गेली. १८१३ साली बर्मिंगहॅमला संसदेच्या कायद्याने असंच 'प्रूफ हाऊस' निघालं, आणि ठसा नसलेली नळी विकणं गुन्हा ठरला. बनवणारा वेगळा, विकणारा वेगळा आणि तपासणारा तिसराच. त्या तिसऱ्याचा माल खपण्यात काही फायदा नाही, हीच सगळी गोम.

आता डेमो आणि तपासणी यातला फरक कळायला एक अमेरिकन किस्सा. १८०१ साली एली व्हिटनीने वॉशिंग्टनमध्ये बड्या बड्या मंडळींसमोर बंदुकांच्या चापाचे भाग टेबलावर पसरले आणि कुठलाही भाग कुठल्याही बंदुकीला बसतो असं दाखवलं. सगळे थक्क! पुढे संशोधकांनी त्याच्या उरलेल्या बंदुका उघडून पाहिल्या तेव्हा भाग एकमेकांत बसेनात. डेमोसाठी निवडून आणलेला माल वेगळा होता. आजपर्यंत मी जे डेमो पाहिलेत त्यांच्याविषयी यावर जास्त न बोललेलं बरं.

असो. आपण आपल्या मुलखात येऊ.

कोल्हापूर गादीचा एक दस्तऐवज या विषयात फार मोलाचा आहे, तो म्हणजे आज्ञापत्र. बावड्याचे रामचंद्रपंत अमात्य यांनी कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळात, १७१५च्या सुमारास लिहिलेला. टोपीकरांना किनाऱ्यावर पाय रोवू देऊ नये, हा त्यातला इशारा सगळ्यांना माहीत असतो. किल्ल्यांच्या प्रकरणातल्या बारीक सूचना मात्र फारशा कुणी वाचत नाही. दारूखाना राहत्या घराजवळ नको. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू आणि बाण बाहेर काढावेत, ऊन द्यावं आणि परत मुद्रा करून ठेवावेत. पावसाळ्यात भांड्यांना (तोफेला तेव्हा भांडं म्हणत) तेल-मेण द्यावं, बत्ती द्यायचं भोक म्हणजे काना मेणाने बुजवावा, आत पाणी जाऊ देऊ नये. गगनबावड्याचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला या वाक्यांचं मोल वेगळं सांगायला नको.

हे काय आहे? सरळ सरळ मेंटेनन्स मॅन्युअल आहे. घेतलेली वस्तू कशी टिकवायची याची जाण त्या माणसाला किती होती बघा. जाणकारी आपल्याकडे नव्हती असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी हे वाचायला सांगतो.

आणि बनवायची अक्कल? तीही होती. महादजी शिंद्यांनी १७८४ साली द बॉयन या फ्रेंच बोलणाऱ्या सव्हॉयच्या माणसाला नोकरीला घेतलं आणि कवायती पलटणी उभ्या केल्या. त्यांच्यासाठी आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या हाताखाली तोफा ओतल्या जात आणि बंदुका बनत. तिथली बंदूक साधारण १० रुपयांत पडायची आणि युरोपातल्या मालाच्या तोडीची असायची असं लिहून ठेवलंय.

याची खरी परीक्षा झाली १८०३ साली, आणि परीक्षक होते शत्रू. ११ सप्टेंबरला दिल्लीच्या लढाईत लेकच्या फौजेने शिंद्यांच्या ६८ तोफा पकडल्या. त्या मोहिमेत स्वतः असलेल्या मेजर थॉर्नच्या पुस्तकात या तोफांचं वर्णन आहे, आणि ते वाचताना एखादा इन्स्पेक्शन रिपोर्ट वाचल्यासारखं वाटतं. पितळी तोफा बहुतेक हिंदुस्थानातच ओतलेल्या, मथुरा-उज्जैनकडच्या. मापं फ्रेंच पद्धतीची. काही तोफांच्या आत लोखंडाची नळी घालून तिच्यावरून पितळ ओतलेलं. आणि कारागिरीचं फिनिश? कंपनीच्या कुठल्याही शस्त्रागारातल्या तोफांइतकं वरच्या दर्जाचं, असा स्पष्ट निर्वाळा. आतून कठीण लोखंड आणि बाहेरून न तडकणारं पितळ, म्हणजे दोन्ही धातूंचे गुण एकत्र. हे करायचं तर ओतताना दोन धातूंमध्ये पोकळी राहता कामा नये. मेकॅनिकलवाल्यांनी विचार करून बघा, सोपं काम नाही.

बारा दिवसांनी, २३ सप्टेंबरला, जालना जिल्ह्यातल्या आसईला तेच. आर्थर वेलस्लीने (हाच पुढे वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला) नव्वदहून जास्त तोफा घेतल्या, पण त्यासाठी त्याची दीड हजारावर माणसं मेली किंवा जखमी झाली. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तोफेशेजारीच कापले गेले. ज्याला आपल्या भांड्यावर भरवसा नाही तो माणूस असा थांबत नाही.

मग घोडं पेंड कुठे खाल्लं? आसईला आणि दिल्लीला पराभव का झाला याची कारणं पुष्कळ आहेत, आणि ती एका शनिवारी मावणारी नाहीत. पण आपल्या विषयापुरतं एक कारण डोळ्यांत भरतं. लढाई सुरू होताना कंपनीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतल्या ब्रिटिश अंमलदारांना फोडलं. सेनापती पेराँ स्वतःच नोकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. तोफा मागे राहिल्या, तोफा जाणणारी वरची माणसं गेली. आग्र्याचा कारखाना चांगला होता, पण तिथली पारख सँगस्टरच्या डोळ्यात आणि हातात होती. लंडनच्या ठशामागे संस्था होती. माणूस मेला, रुसला, फितूर झाला तरी ठसा चालू राहत होता. अकबराच्या कारखान्याची मेख दोनशे वर्षांनी तशीच्या तशी समोर आली. (आमच्याकडे याला 'बस फॅक्टर' म्हणतात : किती माणसं बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल? शिंद्यांच्या तोफखान्याचा आकडा फार छोटा होता.)

हे माझं मत आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या, 'आपला माल कमअस्सल होता म्हणून हरलो' हे शाळेत कळत-नकळत मनात बसलेलं उत्तर मात्र पुराव्याला टिकत नाही. माल उत्तम असल्याचं सर्टिफिकेट खुद्द जिंकणाऱ्याने दिलंय.

ठशालाही एक मर्यादा आहे, ती कळायला ५४ वर्षं पुढे जाऊ. १८५७ साली कंपनीने आणलेली एनफिल्ड रायफल यांत्रिक दृष्ट्या त्या काळच्या सर्वोत्तम बंदुकांपैकी एक होती. नळीत आटे, लांबचा नेम, तपासणीचे सगळे ठसे. पण तिचं काडतूस दातांनी तोडायचं होतं आणि त्याला कसली चरबी लावलीय यावर शिपायांचा विश्वास उरला नव्हता. बंदूक घेणारे लंडनमध्ये, तपासणारे इंग्लंडमध्ये आणि तोंडात धरणारा शिपाई इकडे. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. उठावाला इतर कारणंही खूप होती, पण हा संशय त्यातली ठिणगी ठरला. ३१ जुलै १८५७ ला खुद्द कोल्हापुरात २७व्या पलटणीचे शिपाई उठले. त्यांना कठोर शिक्षा झाल्या, आणि छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब महाराजांना कराचीला नेऊन ठेवलं गेलं. ते परत आले नाहीत. आज चिमासाहेब चौकातून आपण रोज हॉर्न वाजवत जातो, तेव्हा हे सहसा आठवत नाही.

त्यानंतर हत्यारं लोकांच्या हातातून जात राहिली. १८७८च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश मुलखात परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं बंद झालं. बंदूक करणाऱ्या कारागिराला गिऱ्हाईक उरलं नाही, आणि गिऱ्हाईक गेलं की पारखही जाते.

पण धातू वाचायची नजर कोल्हापुरात पुन्हा आली, ती वेगळ्या दाराने. उद्यमनगरमध्ये, आणि पुढे शिरोली नि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ज्या फाउंड्रीज उभ्या राहिल्या, तिथे ऑइल इंजिनापासून मोटारींच्या भागांपर्यंत सगळं ओतलं गेलं. तिथला जुना मिस्त्री कास्टिंग हातोडीने टणकावतो आणि आवाज ऐकतो. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आत भेग किंवा पोकळी. वरून कितीही गुळगुळीत दिसू दे. तोफ ओतणाऱ्यांना छळणारा दोष हाच होता. म्हणून तर युरोपात तोफेच्या नळीत आरशाने ऊन पाडून आत बघत, पाणी दाबून कुठे पाझरतं का ते तपासत. आज ते काम एक्स-रे आणि अल्ट्रासॉनिक मशिन करतं. प्रश्न तोच : पोटात काय आहे?

आणि पिस्तूलही कोल्हापुरात परत आलंच की, खेळाच्या रूपाने! राही सरनोबतने २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषकात २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण घेतलं, २०१८ला जकार्ता-पालेंबांगच्या आशियाई स्पर्धेतही. या खेळातला एक नियम मला फार आवडतो. स्पर्धेआधी प्रत्येकाचं पिस्तूल तपासणीच्या टेबलावर जातं. २५ मीटरच्या पिस्तुलाचा चाप किमान १००० ग्रॅम वजन पेलला पाहिजे, एअर पिस्तुलाचा ५००. वजन अडकवून उचलून बघतात. विश्वविजेता असो नाहीतर पहिल्यांदा आलेली पोर, पिस्तूल कुठल्याही महागड्या कंपनीचं असो, वजन तेच आणि टेबल तेच. लंडनच्या ठशाचं हे आजचं रूप.

पुढच्या वेळी कुणी पाहुणे आले आणि त्यांना घेऊन न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये गेलात, तर शस्त्रांच्या दालनात थोडं हळू चाला. सोन्या-चांदीचं नक्षीकाम सगळेच बघतात. तुम्ही नळी बघा. काना झिजून मोठा झालाय का? झाला असेल तर ती बंदूक खूप चाललीय. दस्त्याजवळ नळीच्या बुडाशी कुठे ठसा दिसतो का? मुकुट, अक्षर, एखादी बारीक खूण? असेल तर कुणीतरी, कुठेतरी, ती बंदूक दुसऱ्याच्या हातात जायच्या आधी स्वतः उडवून बघितली होती. नसेल तर ती पहिल्यांदा उडवणारा शिपाई कोण होता आणि त्याने डोळे मिटले होते का, एवढा विचार करून पुढच्या कपाटाकडे जा.

बाकी, पाहुण्यांना मिसळ खायला घालायचं विसरू नका. भेटू पुढच्या शनिवारी.